मनोराज्य

प्रस्तावना

थांब्यावर बसची वाट पाहताना, भाकरी थापताना, शेताच्या बांधावर घटकाभर टेकताना किंवा शिलाई यंत्रावर सरळ टीप घालताना मन हातातल्या कामापासून कधी दूर निघून जाते, ते कळतही नाही. कुणाला गावाकडचे अंगण दिसू लागते. कुणी अजून न बांधलेल्या घरात राहायला जाते. कुणी परीक्षेचा निकाल हातात धरून उभे असते. तेवढ्यात कोणीतरी हाक मारते आणि ते सारे क्षणार्धात नाहीसे होते.

या अवस्थेला मराठीत 'दिवास्वप्न' किंवा 'मनोराज्य' म्हणतात. हे शब्द बहुधा दोष दाखवण्यासाठी वापरले जातात. 'मनोराज्ये पुरे, कामाला लागा' असे कधी ना कधी ऐकून घेतले नाही, असा माणूस विरळाच. परंतु मनोराज्य हा खरोखरच केवळ आळशीपणा आहे काय? त्यातून आनंदाखेरीज आणखी काही हाती लागते काय? आणि ते केव्हा हानिकारक ठरते? प्रस्तुत वैचारिक लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• दिवास्वप्न, झोपेतील स्वप्न, काळजी आणि योजना यांतील फरक सांगू शकाल;
• मनोराज्याचे लाभ व मर्यादा उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• कल्पना आणि कृती यांचा संबंध स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल;
• मनाशी संबंधित वाक्प्रचार व सामासिक शब्द योग्य रीतीने वापरू शकाल.

मूळ पाठ

१. भाषेचे दोन कौल

समाज एखाद्या गोष्टीकडे कसे पाहतो, हे त्याच्या भाषेतून कळते. मांडा हा अत्यंत नाजूक पदार्थ. त्यासाठी सुगरणीचा हात, भरपूर वेळ आणि नीट पेटलेली चूल लागते. मनातले मांडे मात्र विनासायास तयार होतात. म्हणून अशक्य सुखाच्या कल्पनेत रमणाऱ्याला 'मनातले मांडे खातो' असे म्हटले जाते. 'हवेत इमले बांधणे' हा वाक्प्रचार आणि शेखचिल्लीच्या गोष्टी यांतही हाच उपहास आहे.

पंचतंत्राच्या 'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रातील एका गरीब ब्राह्मणाची कथा सर्वपरिचित आहे. भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाने भरलेले मडके तो खाटेच्या वर खुंटीला टांगतो आणि त्याकडे पाहत पडून राहतो. दुष्काळ पडेल, पीठ चढ्या भावाने विकले जाईल, त्या पैशांतून शेळ्या येतील, मग गाई, म्हशी, घोड्या, सोने, चौसोपी वाडा, पत्नी आणि सोमशर्मा नावाचा मुलगा. रांगणारे मूल घोड्यांच्या पायांशी जाईल, पत्नी लक्ष देणार नाही आणि आपण रागाने तिला लाथ मारू, असे त्याला वाटते. कल्पनेतली ती लाथ प्रत्यक्षातल्या मडक्याला लागते. मडके फुटते आणि ब्राह्मण पिठाने पांढरा होतो.

या कथेचे तात्पर्य 'कल्पना करू नये' असे सांगितले जाते. परंतु कथा बारकाईने वाचली तर दिसते की, शेळ्यांपासून वाड्यापर्यंतच्या विचाराने मडक्याला धक्काही लागलेला नाही. ते फुटले लाथेने. आपण कोठे आहोत आणि डोक्यावर काय टांगलेले आहे, याचे भान सुटले, तेथे नुकसान झाले. कल्पना आणि भान सुटलेली कल्पना यांत अंतर आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हीच भाषा वडीलधाऱ्यांच्या तोंडून 'तुझे मनोरथ पूर्ण होवोत' असा आशीर्वाद देते. मनोरथ म्हणजे मनाचा रथ. रथ पुढे जाण्यासाठी असतो. म्हणजे मनाच्या या खेळाला भाषेने एकीकडे हसून घेतले आहे आणि दुसरीकडे आशीर्वादही दिला आहे. यांपैकी कोणता कौल केव्हा खरा, हाच या लेखाचा विषय आहे.

*पाठगत प्रश्न १*
(अ) 'मनातले मांडे खाणे' या वाक्प्रचारासाठी मांडा हाच पदार्थ का योजला असावा?
(आ) लेखाच्या मते ब्राह्मणाचे मडके कशामुळे फुटले?

२. दिवास्वप्न म्हणजे नेमके काय?

झोपेतील स्वप्नावर आपला ताबा नसतो. दिवास्वप्न जागेपणी पडते आणि त्यातून आपण हवे तेव्हा बाहेर येऊ शकतो. काळजीत मन एकाच भीतीभोवती पुन्हा पुन्हा फिरते, तर दिवास्वप्नात ते मोकळेपणाने एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जाते. योजनेत क्रम, खर्च आणि मुदत यांचा हिशेब असतो. दिवास्वप्नात हिशेब नसतो, असते ते चित्र. मात्र अनेक योजनांचा जन्म अशा चित्रातूनच होतो.

मानसशास्त्राने हा विषय विसाव्या शतकात गांभीर्याने हाती घेतला. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०७ साली व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात मुलांचे खेळ, प्रौढांची दिवास्वप्ने आणि लेखकाची निर्मिती यांना एका सूत्रात गुंफले. मूल भातुकलीत जग रचते. मोठेपणी खेळणी सुटतात, पण रचण्याची हौस सुटत नाही. ती मनात चालू राहते. प्रौढ माणूस आपली दिवास्वप्ने लपवतो, कारण त्याला त्यांची लाज वाटते, हे फ्रॉइड यांचे निरीक्षण आजही पटण्याजोगे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी या विषयाच्या अभ्यासात आयुष्य वेचले. त्यांचा 'डेड्रीमिंग' हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अभ्यासातून दिवास्वप्नांचे तीन प्रकार पुढे आले. पहिल्या प्रकारात सुखद, खेळकर आणि पुढची आखणी करणारे विचार असतात. दुसऱ्यात अपराधाची टोचणी, भीती आणि अपयशाची चित्रे असतात. तिसऱ्या प्रकारात मन कशावरच स्थिर होत नाही आणि नुसते भरकटते. 'दिवास्वप्न चांगले की वाईट?' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच 'कोणते दिवास्वप्न?' या प्रतिप्रश्नावर अवलंबून आहे.

मेंदूच्या अभ्यासानेही या विषयात भर घातली. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या काळातही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. एखादे अवघड काम हाती घेतल्यावर या खर्चात फारच थोडी वाढ होते. २००१ साली मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मेंदूचे काही भाग बाहेरच्या कामात लक्ष गुंतले की मंदावतात आणि काम थांबले की पुन्हा सक्रिय होतात. या भागांच्या जाळ्याला पुढे 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव रूढ झाले. गतकाळ आठवणे, भविष्य डोळ्यांसमोर आणणे आणि दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेणे, या क्रियांत याच जाळ्याचा मोठा वाटा असतो. शून्यात नजर लावून बसलेल्या माणसाचा मेंदू रिकामा नसतो, असा याचा अर्थ.

*पाठगत प्रश्न २*
(अ) योजना आणि दिवास्वप्न यांत कोणता फरक सांगितला आहे?
(आ) जेरोम सिंगर यांच्या अभ्यासातील दिवास्वप्नांचे तीन प्रकार थोडक्यात लिहा.

३. हात कामात, मन प्रवासात

मन कोणत्या वेळी मोकळे सुटते? पूर्ण रिकामेपणात ते पुष्कळदा कंटाळते. अवघड कामात त्याला सवड नसते. परंतु हाताला सवयीचे काम असले, म्हणजे मनाला वाट मोकळी होते. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या याच मोकळ्या वाटेवर जन्मल्या. पहाटे दळण दळताना हात जात्याचा खुंटा फिरवीत आणि मन माहेरच्या वाटेला लागे. भाऊ भेटायला येत आहे, लेकरू मोठे झाले आहे, पंढरीचा कळस दिसत आहे, अशी चित्रे ओवीत उतरत. सासरच्या उंबऱ्याबाहेर सहज पाऊल टाकता न येणाऱ्या त्या बायांनी बसल्या जागी केलेला तो प्रवास होता. त्याने कष्ट कमी झाले नाहीत, पण ते सोसणे हलके झाले आणि मराठीला अमोल लोकसाहित्य मिळाले.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतातली आणि घरातली कामे करता करता त्यांनी गाणी रचली. ती त्यांच्या मुलाने आणि नात्यातल्या एका तरुणाने उतरवून घेतली आणि १९५२ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. मनाच्या ओढाळपणावर त्यांनी रचलेली कविता मराठी वाचकाला ठाऊक आहे. मन कसे भटकते, हे या शेतकरी स्त्रीने कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना, स्वतःच्या मनाकडे पाहून ओळखले होते.

हलके काम आणि नवी कल्पना यांचा संबंध प्रयोगानेही तपासला गेला आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी काही जणांना विटेसारख्या साध्या वस्तूंचे नवनवे उपयोग सुचवायला सांगितले. मध्यंतरात काहींना अवघड काम दिले, काहींना अगदी सोपे, तर काहींना नुसती विश्रांती. त्यानंतर तेच कोडे पुन्हा सोडवताना सोपे काम केलेल्यांची प्रगती सर्वांत अधिक दिसली. याच गटाचे मन मध्यंतरात अधिक भटकले होते. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम तसाच आढळला नाही. त्यामुळे 'भटकणारे मन नेहमीच सर्जनशील असते' असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. अडलेला विचार थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि हातांना हलके काम द्यावे, हा अनुभवी लोकांचा सल्ला मात्र करून पाहण्याजोगा आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांनी १८९० साली बर्लिन येथील सत्कार समारंभात आपल्या तरुणपणाची हकीकत सांगितली. लंडनमध्ये रात्रीच्या वेळी घोड्यांच्या बसमधून परतत असताना त्यांची तंद्री लागली आणि अणू एकमेकांचे हात धरून नाचत आहेत, असे त्यांना दिसले. घरी पोहोचल्यावर त्यांनी रात्रीचा काही वेळ त्या आकृत्या कागदावर उतरवण्यात घालवला. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्यांनी अनेक वर्षे रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला होता आणि तंद्री उतरल्यावर ते थेट कागदाकडे वळले होते. या दोन्ही गोष्टी नसत्या, तर ते नाचणारे अणू बसमधून उतरतानाच विरून गेले असते.

*पाठगत प्रश्न ३*
(अ) जात्यावरच्या ओव्यांतील 'प्रवास' कोणता?
(आ) केकुले यांच्या हकीकतीतील कोणत्या दोन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या आहेत?

४. आरामखुर्चीतून शाळेपर्यंत

बहिणाबाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, १८८० साली, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागात रुकैया यांचा जन्म झाला. घराणे जमीनदारांचे होते, पण मुलींना शाळेत पाठवण्याची रीत नव्हती. बंगाली आणि इंग्रजी त्या घरातच, भावाच्या व बहिणीच्या मदतीने शिकल्या. शाळेची पायरी न चढता झालेले हे शिक्षण होते. विवाहानंतर त्या बिहारमधील भागलपूर येथे राहू लागल्या आणि रुकैया सखावत हुसेन या नावाने पुढे प्रसिद्धीस आल्या.

१९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये त्यांची 'सुलतानाज ड्रीम' म्हणजे 'सुलतानाचे स्वप्न' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. कथेतील स्त्री संध्याकाळी आरामखुर्चीत बसून भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असते. डोळा लागला की नाही, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता येत नाही. तेवढ्यात ती एका अनोख्या देशात पोहोचते. तेथे स्त्रिया निर्भयपणे रस्त्यांवर वावरतात आणि पुरुष घरात पडद्यात राहतात. स्त्रियांची विद्यापीठे आहेत. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी मिळवले जाते आणि हवेतून वाहने चालतात. शेवटी ती खाली घसरते आणि डोळे उघडते, तो आपल्याच खुर्चीत.

एवढ्यावरच हे थांबले असते, तर त्याला कोणी मनातले मांडे म्हटले असते. परंतु १९०९ साली पतीच्या निधनानंतर रुकैया यांनी भागलपूर येथे मोजक्या मुलींना घेऊन शाळा सुरू केली. तेथे राहणे अशक्य झाले, तेव्हा १९११ साली त्यांनी कलकत्त्यात नव्याने आरंभ केला. विद्यार्थिनी अवघ्या आठ होत्या. मुलींना शाळेत पाठवा, अशी विनवणी करीत त्या घरोघरी गेल्या. मुलींची ने-आण पडदा लावलेल्या गाडीतून करावी लागली. टीका झाली, निंदा झाली. १९३२ साली निधन होईपर्यंत त्या या कामात राहिल्या. त्यांनी उभी केलेली शाळा आजही कोलकात्यात चालू आहे.

कथेतील देश प्रत्यक्षात आला नाही. तसा तो येणारही नव्हता. पण मुलींनी निर्भयपणे शिकावे, हे चित्र जिने एकदा स्पष्ट पाहिले, तिला आठ विद्यार्थिनींची शाळा लहान वाटली नाही. कठीण काळात टिकून राहण्यासाठी लागणारे बळ माणसाला पुष्कळदा अशा चित्रातून मिळते.

गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या शाळेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे नावच 'दिवास्वप्न' आहे. छडी आणि घोकंपट्टी यांऐवजी गोष्टी, खेळ आणि वाचन यांच्या आधारे वर्ग चालवून पाहणाऱ्या शिक्षकाची ती कहाणी आहे. गिजुभाईंनी वकिली सोडून भावनगरमध्ये १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. म्हणजे त्यांच्या 'दिवास्वप्ना'मागे प्रत्यक्ष अनुभव उभा होता.

*पाठगत प्रश्न ४*
(अ) 'सुलतानाचे स्वप्न' या कथेतील देशाची तीन वैशिष्ट्ये लिहा.
(आ) रुकैया यांना आठ विद्यार्थिनींची शाळा लहान का वाटली नाही?

५. नाण्याची दुसरी बाजू

मनोराज्याचे गुण सांगताना त्याचे धोके लपवणे योग्य होणार नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २,२५० प्रौढांना मोबाइल फोनवरून अवेळी विचारण्यात आले: आत्ता काय करीत आहात, मन कोठे आहे आणि कसे वाटते आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. आणि मन भटकलेले असताना लोक एकंदरीत कमी आनंदी होते. अप्रिय विषयांकडे मन गेले असता हे विशेष जाणवले. सुखद विषयात रमलेली माणसे कामात मन असलेल्यांइतकीच आनंदी होती, त्यांच्याहून अधिक नव्हे. मन भटकणे आणि मनोराज्यात रमणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे यातून दिसते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधरांचा अभ्यास केला. मनपसंत नोकरीची सुखचित्रे जे वारंवार रंगवीत, त्यांना पुढच्या दोन वर्षांत नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि वेतनही कमी मिळाले. याउलट, आपल्याला यश मिळेल अशी ज्यांची रास्त अपेक्षा होती, त्यांची प्रगती चांगली झाली. मनातले मांडे खाल्ल्याने पोट भरल्यासारखे वाटते आणि मग चूल पेटवण्याची निकड उरत नाही, असा याचा साधा अर्थ. आपल्या पूर्वजांनी वाक्प्रचारातून दिलेला इशारा निराधार नव्हता.

काही जणांच्या बाबतीत कल्पनेतले जग इतके बळावते की, तासन्‌तास त्यातच जातात आणि अभ्यास, काम, नातीगोती मागे पडतात. इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ साली या अवस्थेकडे लक्ष वेधले. असे वारंवार घडत असेल, तर लाज न बाळगता जाणकार समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. तसेच वाहन चालवताना, रस्ता ओलांडताना, चालू यंत्राजवळ किंवा उकळत्या तेलापाशी मनाला लगाम हवाच. तेथे मडके फुटत नाही, जीव जातो.

एक विरोधाभासही नोंदवण्यासारखा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना सहा ते पंधरा मिनिटे काहीही न करता, केवळ आपल्या विचारांसोबत बसायला सांगितले. अनेकांना ते कठीण गेले. एका प्रयोगात तर १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या एकांतात स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. स्वतःच्या मनासोबत सुखाने बसणे हेदेखील एक कौशल्य आहे आणि ते सरावाने येते. प्रत्येक रिकामा क्षण मोबाइलच्या पडद्याला दिला, तर हा सराव व्हायचा कधी?

६. मनोराज्याचा दरवाजा

मनोराज्याचा उपयोग करून घ्यायचा तर त्याला जागा, विषय आणि शेवट असावा. जागा म्हणजे धोका नसलेले, सवयीचे काम: भाजी निवडणे, फेरफटका मारणे, कपडे वाळत घालणे. विषय म्हणजे मनापासून हवी असलेली एखादी गोष्ट. आणि शेवट म्हणजे परतीची वाट. ओटिंगेन यांनी सुचवलेली रीत सोपी आहे. आधी हव्या असलेल्या गोष्टीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. लगेच आपल्या मार्गातला सर्वांत मोठा अडथळा कोणता, हे स्वतःला विचारावे. मग तो अडथळा आला तर आपण काय करू, हे ठरवावे.

दिवसभर मजुरी करून रात्री पुस्तक उघडणारा एखादा विद्यार्थी दहावीच्या प्रमाणपत्राचे चित्र पाहतो. ते पाहताना त्याला आनंद होतो. हा आनंद त्याच्या हक्काचा आहे. त्यासाठी पैसा लागत नाही की कोणाची परवानगी लागत नाही. पुढे तो स्वतःला विचारतो, 'अडते कोठे?' उत्तर येते, 'जेवल्यावर झोप अनावर होते.' मग तो ठरवतो, 'जेवणाआधी अर्धा तास वाचायचे.' येथे मनोराज्याचा दरवाजा दैनंदिन जीवनाच्या अंगणात उघडला.

ज्यांना वाट्याला आलेल्या परिस्थितीतच राहावे लागेल, असे वारंवार सांगितले गेले, त्यांच्यासाठी मनोराज्याचे मोल अधिक आहे. जे अजून नाही ते पाहू शकणे, ही बदलाची पहिली पायरी असते. मात्र ती पहिलीच पायरी आहे. पुढच्या पायऱ्या पायांनीच चढाव्या लागतात. मनोरथाला मनच घोडे पुरवते. चाके मात्र जमिनीवर टेकलेली असावी लागतात.

शब्दार्थ

मनोराज्य – मनात रचलेले कल्पनेचे जग
विनासायास – कष्टांशिवाय
कौल – निर्णय, मत
सातू – जवासारखे धान्य. त्याचे भाजलेले पीठ
चौसोपी – चारही बाजूंना सोपे (ओसऱ्या) असलेला
ओढाळ – ताब्यात न राहणारे, भटके
तंद्री – गुंगी, विचारातील मग्नता
सरसकट – भेद न करता, सगळ्यांना सारखे
निकड – तातडीची गरज
विरोधाभास – वरवर परस्परविरुद्ध वाटणारी गोष्ट

भाषाभ्यास

'मनः' या शब्दातील विसर्गापुढे मृदू व्यंजन आले, तर विसर्गाचा 'उ' होऊन तो मागील 'अ'मध्ये मिसळतो आणि 'ओ' होतो. यास विसर्गसंधी म्हणतात.
मनः + रथ = मनोरथ; मनः + राज्य = मनोराज्य; मनः + बल = मनोबल.
वरीलप्रमाणे संधी करा: मनः + रंजन, मनः + धैर्य, मनः + गत.

तुम्ही काय शिकलात

• दिवास्वप्न हे झोपेतील स्वप्न, काळजी आणि योजना यांपेक्षा वेगळे असते.
• स्वस्थ बसलेल्या माणसाचा मेंदू रिकामा नसतो. आठवण, भविष्याची कल्पना आणि दुसऱ्याचा विचार या क्रिया तेथे चालू असतात.
• सवयीचे काम करताना मुक्त झालेल्या मनाने लोकसाहित्य घडवले, कधी नवे विचारही दिले.
• कृतीची जोड मिळाली की मनोराज्य बळ देते. जोड न मिळाल्यास ते प्रयत्नांची जागा घेते.
• धोक्याच्या कामात आणि कल्पनेचा अतिरेक होत असताना सावध राहणे आवश्यक आहे.

पाठान्त प्रश्न

१. 'मडके फुटले लाथेने' या विधानातून लेखातील कोणता विचार व्यक्त होतो, ते स्पष्ट करा.
२. रुकैया सखावत हुसेन यांच्या उदाहरणावरून कल्पना आणि कृती यांचा संबंध आठ ते दहा ओळींत लिहा.
३. 'मनोराज्य म्हणजे आळस' या मताच्या बाजूने दोन व विरोधात दोन मुद्दे मांडा.
४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा: हवेत इमले बांधणे, तंद्री लागणे, भान सुटणे.
५. उपक्रम: तुमच्या भागात दळण, पेरणी, विणकाम, मासेमारी अशा कामांच्या वेळी म्हटली जाणारी गाणी कोणत्याही भाषेत असली तरी मिळवा. त्यांत कोणती इच्छा व्यक्त झाली आहे, ते मराठीत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मांडा करायला कौशल्य, वेळ व कष्ट लागतात. मनात मात्र तो कष्टांशिवाय तयार होतो, म्हणून. (आ) कल्पनेत रमल्याने भान सुटून मारलेल्या लाथेमुळे.
२. (अ) योजनेत क्रम, खर्च व मुदत यांचा हिशेब असतो. दिवास्वप्नात केवळ चित्र असते. (आ) सुखद व पुढची आखणी करणारे. अपराध, भीती व अपयश यांनी भरलेले. कशावरच स्थिर न होता भरकटणारे.
३. (अ) दळताना मनाने केलेला माहेरचा व पंढरीचा प्रवास. (आ) आधी केलेला दीर्घ अभ्यास आणि नंतर लगेच आकृत्या कागदावर उतरवणे.
४. (अ) स्त्रियांचा निर्भय वावर, स्त्रियांची विद्यापीठे, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक (अन्य योग्य वैशिष्ट्येही चालतील). (आ) मुलींनी निर्भयपणे शिकावे, हे चित्र त्यांनी स्पष्ट पाहिले होते, म्हणून.

भाषाभ्यास: मनोरंजन, मनोधैर्य, मनोगत.